एसडी कार्डावर एसक्यूलाइट रेंगाळतंय? कमिट मोजा

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, हातात एसडी कार्ड.)

तापमान, आर्द्रता आणि वेळ. ४० बाइटची एक नोंद. ती एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये, टाकताना या कार्डावर किती लिहिलं जातं? डीफॉल्ट सेटिंगमध्ये साधारण २४ केबी.

हिशेब करू. टेबलाला एक इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, आहे असं धरा. एसक्यूलाइट फाइल ठरावीक आकाराच्या तुकड्यांत लिहितं, त्यांना पेज म्हणतात. एक ओळ टाकली की टेबलाचं एक पेज बदलतं, इंडेक्सचं एक बदलतं आणि फाइलचं पहिलं पेजही बदलतं, कारण बदलांचा काउंटर तिथे असतो. एक पेज ४,०९६ बाइटचं. तिन्ही जुनी पेजेस आधी जर्नल फाइलमध्ये, म्हणजे काही बिघडलं तर मागे फिरण्यासाठीच्या प्रतीत, जातात, मग तिन्ही नवी मूळ फाइलमध्ये. झाले सहा पेजेस. सेकंदाला १० नोंदी, प्रत्येकीचा वेगळा कमिट, म्हणजे ‘बदल पक्का कर’ हा आदेश, असं धरलं तर दिवसाला २० जीबी. फाइल सिस्टिमचं स्वतःचं जर्नल यात धरलेलंच नाही.

आणि वेळ खातो तो एफसिंक. ‘कार्डावर खरंच उतरेपर्यंत थांब’ असा तो आदेश. या जुन्या जर्नल पद्धतीत एका कमिटला असे तीन-चार लागतात. फ्लॅशला लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि तो पेजपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे छोटं, विखुरलेलं लिखाण कार्डाला सगळ्यात जड जातं.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी मोजा. चालू प्रोसेसला एसट्रेस (strace) लावा, म्हणजे प्रोग्राम लिनक्सकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन. त्याला फक्त एफसिंक आणि त्याचा भाऊ एफडेटासिंक मोजायला सांगा, एक मिनिट थांबा. (स्क्रीनवर: कमांड आणि तिचा निकाल.) आकडा शेकड्यांत आला तर रोग सापडला. कॅशे वाढवून तो बरा होत नाही.

पहिला उपाय कोडमध्येच आहे. नोंदी मेमरीत साठवा आणि दर १० सेकंदांनी एक बिगिन (सुरुवात), १०० इन्सर्ट (नोंदी), एक कमिट. मिनिटाला ६०० कमिट होते, ते सहावर आले. किंमत एवढीच, की लाईट गेली तर शेवटच्या १० सेकंदांच्या नोंदी जातात. तापमानासाठी हे चालतं. पैशांच्या नोंदींसाठी अजिबात नाही. त्या लगेच कमिट करा.

दुसरा उपाय, प्राग्मा म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग बदलणारी आज्ञा: प्राग्मा जर्नल मोड बरोबर वॉल (WAL, राइट-अहेड लॉग). आता बदल वॉल फाइलच्या शेवटी ओळीने जोडले जातात, आणि ती १,००० पेजेसवर, म्हणजे साधारण ४ एमबीवर गेली की चेकपॉइंट होऊन मूळ फाइलमध्ये उतरतात. सोबत सिंक्रोनस ही सेटिंग नॉर्मल ठेवा, म्हणजे प्रत्येक कमिटला एफसिंक होत नाही, चेकपॉइंटच्या वेळी होतो. वीज गेली तर शेवटचे काही कमिट हरवू शकतात, पण डेटाबेस फाटत नाही. मात्र कार्डाने एफसिंक इमानदारीने पाळला पाहिजे. काही स्वस्त कार्डं पाळत नाहीत, आणि त्यावर कुठल्याच सेटिंगचा इलाज नाही.

इथे हमखास चूक होते. वॉल मोड फाइलमध्ये कायमचा नोंदला जातो, सिंक्रोनस नाही. तो प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर पुन्हा द्यावा लागतो. विसरलात तर गुपचूप फुल, म्हणजे प्रत्येक कमिटला एफसिंक, चालू राहतं, आणि ‘वॉल लावूनही फरक नाही’ अशी तक्रार येते.

दुसरी अडचण: वॉल फाइल ४ एमबीवर न थांबता शेकडो एमबी होते. कुठेतरी एक रीड ट्रान्झॅक्शन, म्हणजे सुरू झालेलं वाचन, उघडं राहिलेलं असतं, बहुतेक वेळा आलेख दाखवणाऱ्या वेबपानाचं. तो वाचक जुनं चित्र धरून बसलाय, म्हणून चेकपॉइंट पूर्ण होत नाही. टायमर लावून हे सुटत नाही. सिलेक्टच्या सगळ्या ओळी वाचून स्टेटमेंट रीसेट करा.

इंडेक्सबद्दल माझं मत कडक आहे: जी क्वेरी रोज चालत नाही तिच्यासाठी इंडेक्स नको. प्रत्येक इंडेक्स म्हणजे प्रत्येक नोंदीला आणखी एक पेज. प्रायमरी की, म्हणजे नोंदीची ओळख, रँडम यूयूआयडी (यादृच्छिक लांबलचक क्रमांक) असेल तर त्याहून वाईट, कारण १०० नोंदी १०० वेगवेगळ्या पेजेसवर पडतात. चढता पूर्णांक घ्या, त्या शेजारीशेजारी बसतील.

कार्ड घेताना त्यावरच्या ‘क्लास १०’ या आकड्यावर जाऊ नका. तो सलग लिखाणाचा वेग आहे, व्हिडिओसाठीचा. ए१ हे चिन्ह बघा: सेकंदाला किमान ५०० विखुरलेली लिखाणं. ए२ साठी हा आकडा २,००० आहे, पण तो गाठायला होस्टची, म्हणजे कार्ड बसवलेल्या यंत्राचीही साथ लागते.

बॅकअप घेताना नुसती डीबी फाइल कॉपी करू नका. ताज्या नोंदी अजून वॉल फाइलमध्ये असतात. व्हॅक्यूम इंटू ही एसक्यूलाइटची आज्ञा वापरा, ती डेटाबेसची पूर्ण प्रत नव्या फाइलमध्ये लिहिते, आणि नवी फाइल याच कार्डावर नको, यूएसबी ड्राइव्हवर लिहा.