टेल्युरिअम आधी, आयोडीन नंतर

मागे भिंतीवर मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा तक्ता लावला आहे, त्यात ५२ आणि ५३ ही दोन घरं शोधा. पाचवी ओळ, उजवीकडे. ५२ म्हणजे टेल्युरिअम, ५३ म्हणजे आयोडीन. त्यांची अणुवस्तुमानं वाचा. टेल्युरिअम १२७.६, आयोडीन १२६.९. जड मूलद्रव्य आधी आणि हलकं नंतर! ही सारणी मांडणाऱ्या रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या, म्हणजे अणूच्या वजनाच्या, चढत्या क्रमानं लावली, असं आपण सगळ्यांनी दहावीत पाठ केलेलं असतं. मग इथं क्रम उलटा का? आज मी मुख्यतः या दोन घरांविषयीच बोलणार आहे. सारणी कशाच्या आधारावर उभी आहे, ते इथं जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठं दिसत नाही, असं मला वर्गात शिकवताना पुन्हा पुन्हा वाटत आलं आहे.

१८६९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मेंडेलीव्ह ही मांडणी करत होता, तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. अणूच्या पोटात काय आहे, याची कुणालाच कल्पना नव्हती. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. हाताशी दोनच गोष्टी होत्या: अणूचं वजन आणि मूलद्रव्याचा स्वभाव. स्वभाव म्हणजे ते कुणाशी आणि किती प्रमाणात संयोग पावतं. टेल्युरिअम हायड्रोजनचे दोन अणू घेतं, गंधक आणि सेलेनिअम घेतात तसे. आयोडीन एकच घेतं, क्लोरीन आणि ब्रोमीनसारखं. वजनाप्रमाणे लावलं असतं तर आयोडीन गंधकाच्या उभ्या रांगेत आणि टेल्युरिअम क्लोरीनच्या रांगेत गेलं असतं. मेंडेलीव्हनं स्वभावाला मान दिला आणि टेल्युरिअमचं वजन मोजण्यातच चूक झाली असणार, असं धरून चालला.

पण वजनात चूक नव्हती. प्रागच्या बोहुस्लाव ब्राउनरनं टेल्युरिअमचं वजन पुन्हा पुन्हा काटेकोरपणे मोजण्यात कितीतरी वर्षं घातली, तरी टेल्युरिअम जडच भरलं. म्हणजे मेंडेलीव्हनं दिलेली जागा बरोबर होती, पण कारण चुकीचं होतं.

खरं कारण १९१३ साली हाती लागलं. हेन्री मोझली नावाचा पंचविशीतला इंग्रज तरुण निरनिराळ्या मूलद्रव्यांमधून निघणारे क्ष-किरण मोजत होता. त्या किरणांच्या वारंवारतेचं वर्गमूळ काढलं, तर एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना ते सारख्याच पायरीनं वाढतं, असं त्याला आढळलं. या पायऱ्या वजनाच्या नव्हत्या, अणुकेंद्रावरच्या धनप्रभाराच्या होत्या. तोच अणुअंक. वजनानं कोबाल्ट निकेलपेक्षा जड, पण मोझलीच्या जिन्यावर कोबाल्ट २७ व्या पायरीवर आणि निकेल २८ व्या. याच हिशोबानं टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. टेल्युरिअम जड भरतं ते न्यूट्रॉनमुळे, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रभार नसलेल्या कणांमुळे. निसर्गात सापडणाऱ्या त्याच्या अणूंपैकी जवळपास दोन तृतीयांश अणू १२८ आणि १३० वस्तुमानांकाचे असतात; वस्तुमानांक म्हणजे केंद्रातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून होणारी संख्या. आयोडीनचा एकच स्थिर अणू आहे, १२७ चा. न्यूट्रॉन वजन वाढवतात, पण स्वभाव फारसा बदलत नाहीत.

मोझली १९१५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७. दर वर्षी हा धडा शिकवताना इथं मला थोडं थांबावं लागतं. ४३, ६१, ७२ आणि ७५ या रिकाम्या पायऱ्या त्यानं दाखवून ठेवल्या होत्या. त्या भरलेल्या पाहायला तो राहिला नाही.

आता ओळी. त्यांची लांबी मोजा: २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज ११८. अणूतले इलेक्ट्रॉन केंद्राभोवती थरांमध्ये असतात, त्या थरांना कवचं म्हणतात. आता प्रश्न असा, की तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग तिसरी ओळ आठवरच का संपते? कारण तिसऱ्या कवचात आठ भरले, की पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथल्या रिकाम्या जागेत न जाता चौथ्या कवचात जाऊन बसतो. तिथं त्याची ऊर्जा कमी राहते. तिसऱ्या कवचातल्या उरलेल्या दहा जागा नंतर, स्कँडिअमपासून जस्तापर्यंत भरतात. तक्त्याच्या मधल्या भागात दहा घरांचा जो पट्टा आहे, तो याच दहा जागांचा. डावीकडचे दोन उभे गण, उजवीकडचे सहा, मधले दहा आणि जागेअभावी खाली छापलेल्या ओळींतले चौदा. दोन, सहा, दहा, चौदा ही उपकवचांची, म्हणजे कवचांच्या आतल्या कप्प्यांची, मापं आहेत. सारणीचा ओबडधोबड आकार कुणा चित्रकारानं ठरवलेला नाही, तो या मापांतून आला आहे.

एकाच उभ्या गणात शेवटच्या कवचातली मांडणी सारखी असते, म्हणून स्वभाव सारखा. स्वयंपाकघरातलं मीठ घ्या. सोडिअम पहिल्या गणातलं, एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायला तयार. क्लोरीन सतराव्या गणातलं, एका इलेक्ट्रॉनची वाट पाहणारं. हेलिअमची मात्र पंचाईत आहे. त्याच्याकडे दोनच इलेक्ट्रॉन, मांडणी पाहिली तर त्यानं दुसऱ्या गणात बसावं. पण त्याचं कवच पूर्ण भरलेलं असल्यानं ते कुणाशी सहसा संयोग पावत नाही, म्हणून अठराव्या गणात राजवायूंच्या डोक्यावर बसतं. इथंही स्वभावच जिंकला.

मेंडेलीव्हनं स्वभावाच्या भरवशावर आणखी एक धाडस केलं होतं: घरं रिकामी सोडली. अॅल्युमिनिअमच्या खालच्या घरात जे येईल त्याचं वजन ६८ च्या आसपास आणि घनता ५.९ असेल, असं त्यानं लिहून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ल्कोक द ब्वाबोद्राँनं गॅलिअम शोधलं आणि घनता सांगितली ४.७. मेंडेलीव्हनं कळवलं, की तुमचा नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजा. शुद्ध करून मोजल्यावर ५.९ आली. ज्यानं तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याचं मोजमाप खरं ठरलं!

या न सापडलेल्या मूलद्रव्याला त्यानं नाव दिलं होतं एका-अॅल्युमिनिअम. हा आपला संस्कृतातला ‘एक’ आहे. अॅल्युमिनिअमच्या पुढचं एक घर. एका-बोरॉन पुढे स्कँडिअम म्हणून सापडलं, एका-सिलिकॉन जर्मेनिअम म्हणून. त्या काळात सेंट पीटर्सबर्गमध्येच ब्योटलिंक आणि रोट या संस्कृत अभ्यासकांचा मोठा संस्कृत कोश छापला जात होता.

तक्त्यातली सातवी ओळ आता भरली आहे. ११९ वं मूलद्रव्य अजून कुणी तयार करू शकलेलं नाही. ते झालं तर आठवी ओळ त्याच्यापासून सुरू होईल, डावीकडच्या टोकाला, फ्रान्सिअमच्या खाली. त्याचं तात्पुरतं नाव बरंच लांबलचक आहे, पण शास्त्रज्ञ अजूनही त्याला एका-फ्रान्सिअम म्हणतात.