सावद्याचा दगड, आवाजाचा धक्का

[दृश्य: जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळची खदान. काळ्या दगडाच्या पोकळीत चमकणारे स्फटिक.]

केळीच्या बागा संपल्या की काळ्या दगडाच्या खदानी लागतात. खडी फोडता फोडता एखादी पोकळी उघडते. संग्राहकांची नजर स्टिल्बाइट, अपोफिलाइट या खनिजांवर; आपण मात्र कॅल्साइट हे पारदर्शक खनिज उचलू.

[दृश्य: वर्तमानपत्रावर ठेवलेला स्वच्छ तुकडा.]

'जळगाव' दोनदा दिसतंय. तुकडा गोल फिरवा: एक अक्षर जागच्या जागी, दुसरं त्याच्याभोवती फिरतं. आत शिरताच प्रकाशाच्या दोन वाटा झाल्या. एकीचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा, 1.66, दुसरीचा 1.49. हे द्विअपवर्तन.

अशा स्फटिकात आता आवाज सोडायचा, कानाला न कळणारा, मेगाहर्ट्झमधला. लिथियम नायोबेटची पातळ चकती एका बाजूला घट्ट बसवून थरथरवली की आत ताणाचे पट्टे पळू लागतात आणि प्रकाश त्यांच्यावरून वळतो. या वळण्याचं गणित रामन आणि नागेंद्रनाथ यांनी 1935-36 मध्ये बेंगळुरूत मांडलं. द्विअपवर्तनी स्फटिकात आणखी एक गंमत होते: वळताना प्रकाश एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जातो, त्याचं ध्रुवणच, म्हणजे कंपनाची दिशाच, बदलते. एका वारंवारतेला एकच रंग असा वळतो, म्हणजे हा रंग निवडणारा फिल्टर झाला; आवाजाची वारंवारता बदलली की निवडलेला रंग बदलतो. चांद्रयान-3 वरच्या, पृथ्वीचा प्रकाश तपासणाऱ्या 'शेप' उपकरणात असाच फिल्टर होता.

मग सावद्याचं कॅल्साइट का नको? त्यात आवाज फार जोरात धावतो. वेग जितका जास्त तितका प्रकाश वळवण्याचा परिणाम कमी, आणि तोही वेगाच्या घनाच्या हिशेबाने. म्हणून पॅराटेल्युराइट, म्हणजे टेल्युरियम डायऑक्साइड. योग्य दिशेने सोडलेली आडवी लहर (जिच्यात कण वाटेला काटकोनात हलतात) त्यात सेकंदाला अवघी 616 मीटर जाते. घन पदार्थ असून हवेतल्या आवाजाच्या दुपटीलाही पोचत नाही! पण हा आळस फुकट मिळत नाही: 1 मिलिमीटरचा झोत ओलांडायला लहरीला दीड मायक्रोसेकंदाहून जास्त वेळ लागतो, रंग बदलायला तेवढं थांबावं लागतं.

[दृश्य: कागदावर स्फटिकाची आकृती, दोन बाण.]

खरी डोकेदुखी कोनाची. तिरपा येणारा प्रकाशही फिल्टरने धरावा म्हणून लहर त्या योग्य दिशेपासून थोडी कलवावी लागते. ती 6 अंश कलवा, तिची ऊर्जा सुमारे 45 अंश बाजूला सरकते. कागदावरची लहर सरळ, प्रत्यक्षातला आवाज भलत्याच भिंतीकडे! त्यामुळे आधी ऊर्जेची रेघ ओढायची आणि मगच स्फटिक कुठे कापायचा ते ठरवायचं. समोरचं टोकही तिरपंच घासतात, त्यावर आवाज शोषणारा थर देतात. नाहीतर परतलेली लहर नव्या लहरीत मिसळते.