मोठ्या आतड्यातील मँटल सेल लिम्फोमा : निदान कसे होते

कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदमार्गे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, पडद्यावर मोठ्या आतड्याचा आतला भाग दिसतो आहे असे समजा. गुलाबी अस्तरावर उठलेले हे उंचवटे, काही जेमतेम २ मिलिमीटरचे, तर काही २ सेंटिमीटरपर्यंतचे, पाहताच कोणाही तज्ज्ञाला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणारे कोंब, आठवतील, आणि ते फार मोठ्या संख्येने असतील, तर आनुवंशिक पॉलिपोसिसची, म्हणजे असंख्य पॉलिप होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, शंका येईल. क्वचित मात्र हे उंचवटे लिम्फोमाचे, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचे, असतात. जे. एस. कॉर्न्स यांनी १९६१ साली या चित्राचे ‘मल्टिपल लिम्फोमॅटस पॉलिपोसिस’ या नावाने वर्णन केले. त्यामागे बहुतेक वेळा मँटल सेल लिम्फोमा हा लिम्फोमाचा एक प्रकार असतो, हे पुढे स्पष्ट झाले.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत लिम्फोमाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि त्यातही मँटल सेल हा प्रकार विरळा. तो प्रामुख्याने साठीच्या आसपासच्या पुरुषांत आढळतो. पोटदुखी, जुलाब, शौचावाटे रक्त, घटणारे वजन ही त्याची लक्षणे इतर कितीतरी आजारांतही दिसतात. भारतात आतड्याच्या क्षयरोगाचा विचार आधी होतो, आणि तो व्हायलाही हवा. परंतु कोणत्याही कारणाने बायोप्सीआधीच, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचा तुकडा काढण्याआधीच, स्टेरॉइड सुरू केल्यास लिम्फोमा तात्पुरता ओसरतो आणि निदान अधिकच अवघड होते.

खरा निर्णय होतो तो बायोप्सीच्या तुकड्यावर. एकाच उंचवट्याचा वरवरचा तुकडा पुरेसा ठरेलच असे नाही, म्हणून अनेक ठिकाणचे नमुने घेतले जातात. मँटल सेल लिम्फोमा अगदी निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही सूक्ष्मदर्शकाखाली सापडू शकतो. त्यामुळे या आजाराचा संशय असेल, तर अशा भागाचाही नमुना घेणे शहाणपणाचे. तुकड्यासोबत जाणाऱ्या अर्जावर नुसते ‘पॉलिप’ एवढेच लिहिले, तर तो तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला अर्धीच माहिती मिळते; लिम्फोमाची शंका तेथे स्पष्ट नोंदवलेली असावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

सूक्ष्मदर्शकाखाली लहान ते मध्यम आकाराच्या, अनियमित कडांची केंद्रके असलेल्या एकसारख्या पेशींची दाटी दिसते. साधी लसिका पेशींची वाढही अशीच भासू शकते, म्हणून पुढची पायरी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची, म्हणजे पेशींतील विशिष्ट प्रथिने प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून ओळखण्याची. लसिका पेशींचे बी आणि टी हे मुख्य प्रकार. सीडी२० हे प्रथिन पेशी बी-प्रकारच्या असल्याचे दाखवते, तर एरवी टी-पेशींवर आढळणारे सीडी५ येथे बी-पेशींवर दिसते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या बी-पेशींच्या रक्तकर्करोगातही सीडी५ असते; मात्र त्यात सीडी२३ बहुधा आढळते आणि येथे बहुधा आढळत नाही. निर्णायक ठरते ते सायक्लिन डी१ हे पेशीविभाजनाला चालना देणारे प्रथिन. ११ व १४ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने सायक्लिन डी१ चे जनुक प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी येऊन बसते, ते प्रथिन बेसुमार तयार होते आणि पेशीविभाजनावरचा लगाम सुटतो. ही अदलाबदल ‘फिश’ (FISH) या, गुणसूत्रांचे ठरावीक भाग चमकत्या रंगांनी दाखवणाऱ्या चाचणीत थेट पाहता येते. ज्या मोजक्या रुग्णांत सायक्लिन डी१ आढळत नाही, तेथे सॉक्स११ या दुसऱ्या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते.

एवढा खटाटोप करण्याचे कारण उपचारांत आहे. आनुवंशिक पॉलिपोसिसमध्ये मोठे आतडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, तर मँटल सेल लिम्फोमा बहुधा शरीरभर पसरलेला असल्याने त्यावर मुख्यतः औषधोपचारच केले जातात. म्हणून निदानानंतर आजार शरीरात कुठवर पसरला आहे हे दाखवणारे पेट-सीटी स्कॅन आणि अस्थिमज्जेची तपासणी केली जाते, आणि पेशी किती वेगाने वाढत आहेत हे दाखवणारा केआय-६७ निर्देशांकही पाहिला जातो. तो ३० टक्क्यांच्या वर असेल, तर आजार अधिक आक्रमक मानला जातो.