माल आधी, माणूस मग
(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोटीवरची नोकरी संपवून नागपुरात परत आल्यापासून लग्नाच्या पंगतीत मला हमखास एक प्रश्न येतो : "चीफसाहेब, मालाच्या जहाजावर बसून आपल्याला फॉरेनला जाता येते का हो?" जाता येतं. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो कुणी उघड विचारत नाही : स्वस्तात जाता येतं का? नाही. २०२० च्या आधी ही सोय बऱ्यापैकी चालू होती, तेव्हा माणशी दिवसाला साधारण १०० युरो पडायचे, जेवणखाण धरून. महिनाभराच्या प्रवासाचे ३,००० युरो झाले. तेवढ्यात विमानानं युरोपला जाऊन याल, वर नातवंडांना चॉकलेटं आणाल. कोविडमध्ये बहुतेक कंपन्यांनी प्रवासी घेणंच बंद केलं. पुन्हा सुरू करणाऱ्या फार थोड्या, आणि त्यांचा भर युरोपातल्या बंदरांवर.

मुळात मालाच्या बोटीवर प्रवाशासाठी खोली असते तरी कशी? जहाजं फुगत गेली आणि माणसं कमी होत गेली, त्यामुळे. शेकडो मीटर लांबीची कंटेनर बोट, आणि चालवणारे विसेक-पंचवीस जण. मग मालकाची म्हणून ठेवलेली केबिन, जादा अधिकाऱ्यांच्या केबिनी रिकाम्या राहतात. त्या भाड्यानं द्यायच्या. पण बारा प्रवाशांपर्यंतच. तेरावा चढला की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते प्रवासी जहाज ठरतं, आणि मग लाइफबोटीपासून आगीच्या बंदोबस्तापर्यंत सगळे नियम बदलतात. तेराव्या डोक्याच्या भाड्यासाठी तेवढा उपद्व्याप कोण करतो!

आता मुद्द्याचं सांगतो. त्या बोटीवर गिऱ्हाईक तुम्ही नसता, माल असतो. आपल्या अजनीचा कंटेनर डेपो तुम्ही बाहेरून पाहिला असेल. तिथं कस्टम उरकून, सील ठोकून डबा रेल्वेनं न्हावा शेवाला जातो आणि तिथून बोटीवर चढतो. त्या डब्याला जहाजावर जो मान आहे तो तुम्हाला नाही. फळांचा किंवा मटणाचा थंड डबा असेल, ज्याला आम्ही 'रीफर' म्हणतो, तर इलेक्ट्रिशियन रोज जाऊन त्याचं तापमान बघतो, वहीत लिहितो. तुमचं तापमान बघायला कुणी येत नाही, राजेहो.

माल कमी मिळाला तर कंपनी एखादं बंदर गाळते. क्रेन रिकामी नसली तर बोट बाहेर नांगर टाकून उभी राहते, दोन दिवस, चार दिवस. बंदर बदललं आणि नव्या देशाचा व्हिसा तुमच्याकडे नसला, तर तुम्ही कठड्याला टेकून ते गाव बघायचं. आपल्या पासपोर्टवाल्यांना हे जास्त लागू, कारण आपल्याला बऱ्याच किनाऱ्यांवर व्हिसा लागतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपच्या कितीतरी बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. दहा-पंधरा दिवस असे वाढले. लग्नाचा मुहूर्त गाठायला निघालेल्या माणसानं या वाटेला जाऊच नये.

एका गोष्टीत मात्र माणूस मालापेक्षा सुखी. समुद्रावरचा एक फार जुना कायदा आहे, 'जनरल ॲव्हरेज' म्हणतात. जहाज वाचवण्यासाठी काही खर्च किंवा नुकसान मुद्दाम सोसावं लागलं, तर ते जहाजाच्या मालकानं आणि सगळ्या मालवाल्यांनी जहाजाच्या आणि आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचं. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये आडवी अडकली, सहा दिवस. नंतर तिच्या मालकानं हेच जाहीर केलं. म्हणजे ज्याचा डबा सुखरूप होता त्याच्याही माथी वर्गणी. प्रवाशाच्या सोबतच्या सामानाला मात्र यातून सूट असते. तुमच्या बॅगेतल्या चिवड्यावर कुणी हिस्सा मागत नाही.

सामान वेगळं पाठवलं की काय होतं, हे नागपूरकरांना मी काय सांगावं? १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले. महायुद्ध चालू होतं. ते एका बोटीनं आले, पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीनं निघालं, आणि ती बोट जर्मन टॉर्पेडोनं बुडाली. सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये मिळाले, त्यातून बडोद्याला जायचा खर्च निघाला. पुस्तकं गेली ती गेलीच.

बोटीवर दिवस कसा जातो? नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण, सगळं घड्याळाच्या काट्यावर, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. कप्तान चांगला असेल तर ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथं, जाऊ देतो. बंदर जवळ आलं, बोटीला आत न्यायला वाट दाखवणारा पायलट चढला, की मात्र तिथं तोंड उघडायचं नाही. पहिल्याच एक-दोन दिवसांत संकटाच्या सरावाचा भोंगा होतो, सात आखूड आणि एक लांब; लाइफजॅकेट घालून जमायच्या जागी हजर व्हायचं. रात्री झोपेत जो कुरकुर आवाज येतो तो डब्यांचा आणि त्यांना बांधलेल्या सळयांचा. पहिल्या रात्री प्रवासी हमखास केबिनबाहेर येऊन उभा राहतो. आम्ही म्हणायचो, आवाज येतोय तोवर झोपा.

हवा बिघडली की मेसमन टेबलावरचं कापड पाण्यानं ओलं करतो. ताटं घसरत नाहीत त्यावर. सूप अर्धीच वाटी. एक वयस्क प्रवासी, युरोपियन, एका हातानं वाटी धरून दुसऱ्यानं खुर्ची धरायचे, आणि चमचा कशानं धरायचा याचा विचार करत बसायचे. शेवटी आमच्या पाँचसाबनं, म्हणजे सगळ्यात ज्युनिअर इंजिनिअरनं, त्यांना वाटी तोंडाला लावून दाखवली. तेव्हापासून ते दोघं रोज शेजारी बसू लागले. फिलिपिनो कुकनं केलेल्या डाळीबद्दल मी बोलणार नाही. मेहनत घ्यायचा बिचारा.

खरं सांगायचं तर अशा बोटीवर बघण्यासारखा समुद्र नसतो, तो तिसऱ्या दिवशी सारखाच दिसायला लागतो. बघण्यासारखं असतं ते काम. गंज खरवडणारा खलाशी, पहाटे चारची वॉच, म्हणजे पाळी, बदलताना दोन माणसांतलं जेमतेम चार वाक्यांचं बोलणं, पंप बिघडला की बडासाबचा, म्हणजे चीफ इंजिनिअरचा, चेहरा. यात गोडी वाटत असेल तरच पैसे भरा. नाहीतर क्रूझ आहे, तिथं नाचगाणी आहेत.

आजारपणाचं गंभीरपणे घ्या. बोटीवर डॉक्टर नसतो. एक अधिकारी औषधांची पेटी सांभाळतो आणि अडलं तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला रेडिओवर किंवा सॅटेलाइट फोनवर विचारतो. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच येतं. म्हणून तर वयाची अट, डॉक्टरचा दाखला, आणि तुमच्यासाठी बोट वळवावी लागली तर त्या खर्चाचाही विमा मागतात. हृदयाचं किंवा गुडघ्याचं दुखणं लपवून चढू नका. गँगवेचा, म्हणजे बोटीवर चढायचा, जिना उभा असतो, हलतो, आणि तिथं लिफ्ट नाही.

एवढं ऐकूनही ज्यांचे डोळे चमकतायत, त्यांनी आधी एक करावं. नागपूरहून चेन्नईची गाडी पकडा, तिथून पोर्ट ब्लेअरला, आता श्रीविजयपुरम म्हणतात, सरकारी बोट जाते. अडीच-तीन दिवस लागतात. परदेश नाही, व्हिसा नाही. बंकचं तिकीट काढा, केबिनचं नको. बोट लागते की नाही ते तिथं कळेल, आणि लागली तर परत यायला विमान आहे.