कुकरातले गणंग

ऐकताय ना? पाचवी शिट्टी. परवा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारातनं आणलेला घेवडा, रात्रभर भिजवून सकाळी कुकरला लावलाय, आणि आता काकू झाकण काढून पळीवर दोन दाणे घेतात, अंगठा न बोटात दाबून बघतात अन् म्हणतात, "न्हाई रं, गणंग हायत ह्यात. लाव परत."

गणंग म्हटलं की आपल्याला आधी राजकारणातली माणसं आठवतात, पण शब्द कडधान्यातलाच, कितीबी शिजवा, न शिजणारा दाणा. त्यातही दोन प्रकार बरं का. एक पाणीच पीत नाही, सकाळी बघावं तर जसाच्या तसा खडा, मिसळीतल्या मटकीत असला एखादा दाताखाली आला की कळतं. दुसरा लबाड. पाणी पितो, टम्म फुगतो, दिसायला एकदम ओके, पण शिजायचं नाव काढत नाही. हा बहुतेक करून गोदामात तयार होतो. उष्ण, दमट हवेत माल महिनोन्महिने पडून राहिला की दाण्यातलं फायटेट, म्हणजे दाण्याचा फॉस्फरसचा साठा, हळूहळू फुटतं, त्यानं धरून ठेवलेलं कॅल्शियम सुटतं आणि पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला जाऊन चिकटतं, म्हणजे सिमेंटच की. बोअरच्या जड पाण्यात पण हेच कॅल्शियम. आपल्या आयाबाया चिमूटभर खायचा सोडा टाकतात तो ह्याच्यावरच इलाज.

आता ही कटकट घेवड्याचे नवीन वाण काढणाऱ्यांच्या डोक्याला पण आहे. कोलंबियात काली शहराजवळ सिआट नावाची शेती संशोधन संस्था आहे, तिच्या बियाणे बँकेत घेवड्याचे सदतीस हजारांच्या आसपास नमुने, त्यातनं जास्त लोहवाले निवडून क्रॉसिंग करत गेले. साध्या घेवड्यात किलोमागं साधारण ५० मिलिग्रॅम लोह, टार्गेट ठेवलं ९४. रवांडात हे वाण शेतात गेले, आणि २०१३ साली तिथल्या हुये गावात कॉलेजच्या मुलींना १२८ दिवस हा घेवडा खायला दिला, तर हिमोग्लोबिन वाढलं. आपल्याकडं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना अ‍ॅनिमिया निघालाय, त्यामुळं विषय लांबचा नाही.

खरी गंमत पुढं आहे. फायटेट लोहाला पण पकडून ठेवतं, अंगाला लागू देत नाही, मग विचार झाला की फायटेटच कमी असलेला घेवडा काढूया. काढला. आणि तो शिजेचना! कॅल्शियमला धरून ठेवणारं कोण राहिलंच नाही ना. रवांडातल्याच एका चाचणीत तो खाऊन पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या, कारण कच्च्या घेवड्यातलं बाधणारं लेक्टिन नावाचं प्रथिन त्यात नीट मेलंच नव्हतं. कागदावर एक नंबर, ताटात बाद.

म्हणून शिजायला किती वेळ लागतो ते मोजणारं हे यंत्र बघा, मॅटसन कुकर. २५ खळगे, प्रत्येकात एकेक भिजवलेला दाणा, वर वजनदार सळई टेकवलेली, आणि सगळं उकळत्या पाण्यात. दाणा मऊ झाला की सळई आरपार खाली. टप्. मग बराच वेळ काही नाही. टप्, टप्. विसावी पडली की घड्याळ बंद. काकूंचं अंगठा-बोटच हे, पण पंचवीस जागी एकदम. ह्याच्यावर काही वाण वीसेक मिनिटांत होतात, काहींना दीड तास लागतो. मांटेका म्हणून एक पिवळा घेवडा आहे, मूळ चिलीचा, तो लवकर शिजतो आणि लॅबमधल्या तपासणीत त्यातलं लोह पण जास्त लागू पडताना दिसलंय, मला तर हाच सगळ्यात कामाचा वाटतो. डबाबंद करणाऱ्यांचं आणखी वेगळंच, त्यांना मऊ पाहिजे पण साल फुटलेली चालत नाही, त्यात आत्ता शिरत नाही.

आपल्या शेजारी साताऱ्यात कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण बाजारात त्याच्यात लोह किती म्हणून विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

काकूंना हे सगळं सांगितलं, ९४ काय, रवांडा काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "नवा माल हाय का जुना, ते इचारलं हुतंस का दुकानदाराला?"

नव्हतं विचारलं.

सातवी शिट्टी.