रस्ता मोकळा करणारे राणे

कारवारच्या किनाऱ्यावर 'चपळ' ही जुनी युद्धनौका आता संग्रहालय होऊन उभी आहे. तिच्याजवळच एक पुतळा दिसतो. तो नौदलातल्या कुणाचा नाही. कारवारजवळच्या चेंडियात जन्मलेल्या राम राघोबा राणे यांचा आहे. राणे भूदलाच्या बॉम्बे सॅपर्समधले. सॅपर म्हणजे सुरुंग काढणारा, रस्ते-पूल बांधणारा सैनिक.

ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले आणि भारत-पाकिस्तानचं पहिलं युद्ध पेटलं. नोव्हेंबरमध्ये राजौरी हातची गेली. ती परत घ्यायला एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून रणगाडे निघाले. पण त्या डोंगरी रस्त्यात शत्रूने सुरुंग पेरले होते, चिडाची झाडं आडवी पाडली होती, मोऱ्या उडवून दिल्या होत्या. रणगाडा कितीही दणकट असला तरी त्याला वाट लागतेच.

८ एप्रिल, सकाळचे ११. काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचे गोळे कोसळले. दोन जवान ठार, पाच जखमी. त्या पाचांत स्वतः सेकंड लेफ्टनंट राणे होते. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि कामाला हात घातला.

उभं राहायची सोय नव्हती. म्हणून राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. रणगाडा इंच इंच पुढे जाई, तसे तेही सरपटत पुढे जात आणि दोरी ओढून चालकाला इशारा देत. डोक्यावर ते लोखंडी धूड, दोन्ही अंगांना साखळ्यांचा खडखडाट, आणि नजर समोरच्या मातीवर. सुरुंग कुठे पुरलाय, ते त्या मातीवरूनच ओळखायचं होतं.

९ तारखेला पहाटे ६ पासून पुन्हा तेच. १० तारखेला पावणेपाचलाच सुरुवात.

या कामगिरीसाठी राणे यांना परमवीरचक्र मिळालं. २१ परमवीरचक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. राणे मात्र जिवंत परतले; १९९४ पर्यंत ते आपल्यात होते. त्यांचं मानपत्र आवर्जून वाचावं. किती शत्रू मारले, याचा एकही आकडा त्यात नाही. आहेत ते कामाचे तास. ११ एप्रिलची नोंद अशी: सकाळी ६ ला काम सुरू, ११ वाजता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत रस्ता खुला. त्यानंतर पुढचा रस्ता मोकळा करण्याचं काम, रात्री १० पर्यंत.

दुसऱ्या दिवशी रणगाडे राजौरीत पोचले.