केराचा आठवडा

मंडळी, निमंत्रण द्यायला आलेल्यांनी विषय सांगितला, ‘परदेशातला संसार’. मी म्हटलं, संसार फार मोठा शब्द झाला, मी बिऱ्हाडाबद्दल बोलते. संसार आम्ही इथूनच नेला होता. तिथे मांडायचं होतं ते बिऱ्हाड.

ते सहा वर्षं जर्मनीत होतं, स्टुटगार्टला. तिथले लोक श्टुटगार्ट म्हणतात, पण माझ्या नाशिकच्या जिभेला स्टुटगार्टच बसलंय. २०१६ साली यांची नाशिकच्या अंबडहून तिकडे बदली झाली, मुलगी सहा वर्षांची होती. गाव वाटीसारखं खोलगट, भोवती टेकड्या आणि टेकड्यांवर, अगदी शहराच्या पोटात, द्राक्षमळे. म्हटलं, चला, हे तर माहेरच! पण आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची घाई चालू असते, त्याच सुमारास त्यांच्याकडे द्राक्षांची तोडणी. सगळंच उलटं.

घर ताब्यात मिळालं आणि मी विचारलं, स्वयंपाकघर कुठे आहे? ज्या खोलीत उभी होते तेच स्वयंपाकघर होतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेलेला, दिवेसुद्धा. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. यात कुणी फसवलं वगैरे नाही, बऱ्याच घरांची तिथे हीच रीत. अकरा दिवस मी बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले आणि जमिनीवर मांडी घालून इंडक्शनवर खिचडी केली. भाडंही दोन तऱ्हांचं, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या जागेचं. गरम म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. विजेचं बिल बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. जाहिरातीतला थंड आकडा बघून खूश झालेल्यांत आम्हीही होतो.

राहायला गेल्यावर चौदा दिवसांच्या आत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. ते केलं. तरी बँकेचं पाकीट दोनदा परत गेलं. का? तिथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन बघतो ते पत्रपेटीवरचं आडनाव, आणि आमच्या पेटीवर अजून आधीच्या माणसाचंच होतं. चिकटपट्टीवर बॉलपेनने आमचं आडनाव लिहून चिकटवलं, तेव्हा कुठे टपालखात्याच्या लेखी आम्ही त्या घरात राहायला आलो.

मुलीच्या शाळेचं फार सांगत नाही, ती महिन्याभरात आमच्यापेक्षा बरं जर्मन बोलायला लागली. एकच सांगते. सासूबाई तीन महिने आल्या होत्या, तेव्हा नात गणिताचा पेपर नाचवत घरी आली. वर लाल शाईत ‘१’. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, पुढच्या वेळी मिळतील.’ तिथे एक म्हणजे सर्वांत उत्तम आणि सहा म्हणजे नापास, हे पटवायला मला रात्रीचं जेवण पुरलं. तरी नाशिकला फोन करताना त्यांनी शेजारणीला ‘शंभरपैकी शंभर’ असंच सांगितलं.

आता मूळ गोष्ट. चौथ्या आठवड्यात सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला एक पाटी टांगलेली. त्यावरचा शब्द मी अक्षर अक्षर लावून वाचला : केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा, एवढं मला येत होतं. आणि केर? माझा विश्वासच बसेना. शब्दकोशात पाहिलं, ‘केरेन’ म्हणजे झाडणं! दोन्ही शब्दांचं नातं नसेल, निव्वळ योगायोग असेल, पण परक्या गावात दारावर ‘केर’ वाचल्यावर मी एकटीच हसत उभी राहिले.

ही त्या भागातली जुनी पद्धत, मुळं पंधराव्या शतकापर्यंत जातात. घरातल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडायचा, पुसायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. ही लहान पाळी. मोठ्या पाळीत तळघर, अंगण, रस्त्यालगतचा फूटपाथ, आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत तोही ओढायचा. १९८८ साली शहराने सक्तीचा नियम काढून टाकला, पण भाडेकरारांतून आणि त्याहून जास्त शेजाऱ्यांच्या नजरेतून तो गेलेला नाही.

आमच्या ऑफिसातल्या मंडळींना याचा भारी राग. ‘एवढे शिकलो ते जिना झाडायला?’ मला राग येईना. माझं लहानपण रविवार कारंजाजवळच्या वाड्यातलं, सात बिऱ्हाडं आणि एक लाकडी जिना. त्याचीही पाळी असायची. फक्त पाटी नव्हती, आमच्या मावशी होत्या, त्यांचा आवाज पाटीपेक्षा लांब जायचा.

मी जिना झाडला, पुसला. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. वय ऐंशीच्या पुढे, हसणं नाही, बोलणं नाही. मी बादली उचलली तशी त्यांनी काठीचं टोक पायरीच्या कोपऱ्याला लावलं. पुढच्या पायरीला, पुन्हा तसंच. कोपरे राहिले होते. मी परत गुडघ्यांवर बसले. संध्याकाळी दारात बशीभर प्लमचा केक ठेवलेला होता. पुढे फोडणीच्या धुराबद्दल दोनदा, खिडक्या उघडत नाही म्हणून अनेकदा त्या मला बोलल्या. पण त्या बोलल्या, हे महत्त्वाचं. तोवर आम्ही नुसते ‘वरचे’ होतो.

घर सोडायचा आठवडा आमच्याच पाळीचा आला. समोरच्या दारात नुकतंच एक सीरियन कुटुंब राहायला आलं होतं. रविवारी पाटी मी त्यांच्या मुठीला अडकवली, तेवढ्यात दार उघडलं. त्या बाईंनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझं जर्मन यथातथाच, त्यांचं माझ्याहून कच्चं. मी खाली वाकले आणि पायरीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.